ओडेसा पिंक्नीची अकरा-चारची नोंद

आधीच सांगून टाकतो, त्या दिवशीची चूक माझी होती. तेहतीस वर्षं मी ‘चेसापीक कुरिअर’ या वर्तमानपत्राच्या संपादकीय डेस्कवर बसून दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. लोकांना झापलं, फैलावर घेतलं. आणि माझ्या हातून घोडचूक झाली ती भरदिवसा, हजारो लोक वाचत असताना, तीही दुसऱ्याच्या नावाने चालणाऱ्या पानावर. ते नाव ओडेसा पिंक्नीचं. तिच्या निरोपसमारंभाला सगळे गोडगोड बोलले, केक खाल्ला, घरी गेले. हे मात्र कुणी सांगितलं नाही, कारण मला सोडून पुरतं कुणाला ठाऊकच नव्हतं.

ओडेसा आमच्याकडे आली ती बातमीदार म्हणून नाही. तेव्हा बातमीदार संसदेतून फोन करायचे, तोंडाने भराभर मजकूर सांगायचे, आणि इकडे चार बायका कानाला फोन लावून तो टाइपरायटरवर उतरवून घ्यायच्या. त्यातली ही सगळ्यात धाकटी. नदीपलीकडच्या अनाकोस्टियाची. बाप सिटी बसचा ड्रायव्हर, आई सरकारी खात्यात टायपिस्ट. आईनेच तिला लघुलिपी शिकवली, स्वयंपाकघरात, रेडिओवर रविवारचं प्रवचन लावून. पाद्री दम घेईल तेव्हाच पेन्सिलीने दम घ्यायचा, असा नियम होता. ओडेसा सांगायची, ‘आमचे पाद्रीबाबा दम घेणाऱ्यातले नव्हते रे, हर्श.’

एकदा आमच्या एका नामांकित बातमीदाराने फोनवर सांगितलं, ‘सिनेटर संतापाने ओरडले.’ ही टाइप करता करता थांबली. म्हणाली, ‘साहेब, मी रेडिओवर ऐकत होते. ते ओरडले नाहीत. त्यांना ठसका लागला.’ पलीकडून शिव्या आल्या. संपादकांनी ध्वनिफीत मागवली. ठसकाच होता. पुढच्या महिन्यात संपादकांनी तिला वही देऊन संसदेच्या समितीपुढच्या सुनावणीला पाठवलं, आणि त्यानंतर बाई तिथून हललीच नाही.

सुनावणी म्हणजे तिचं माहेर. सकाळी साडेसातला दारापाशी हजर. मोठ्या कंपन्यांचे वकील स्वतः रांगेत उभे राहत नाहीत, पैसे देऊन माणसं उभी करतात. त्या माणसांना ही कॉफी नेऊन द्यायची. त्यांच्याकडून तिला आधीच कळायचं की आज कुठल्या कंपनीने किती जागा धरल्यात, म्हणजे कोण किती घाबरलंय. आतल्या खोल्या इतक्या गार की जुलैतही तिच्या पिशवीत लोकरीचा स्वेटर. पत्रकारांच्या टेबलाला डावीकडची शेवटची खुर्ची तिची. नवा कुणी तिथे बसला तर ती काही म्हणायची नाही. नुसती शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघायची. दोन मिनिटांत खुर्ची रिकामी.

थेट नोंदींचं युग आलं तेव्हा आम्हा जुन्यांचे धाबे दणाणले. सुनावणी चालू असताना मिनिटामिनिटाला लिहायचं, लगेच वर्तमानपत्राच्या इंटरनेटवरच्या पानावर चढवायचं. ओडेसा म्हणाली, ‘मी आयुष्यभर हेच करत आलेय, फक्त आता मधे फोन नाही.’ ती खोलीतून मला मजकूर पाठवायची, मी डेस्कवर बसून स्वल्पविराम ठीक करून पानावर चढवायचो. आणि काय लिहायची! आमचे वाचक ऑफिसात कामं सोडून ते पान उघडून बसायचे.

त्या जुलैतली सुनावणी हार्बरलाइनची होती. इंटरनेटवरचा सगळ्यात मोठा बाजार. छोटे विक्रेते तिथे दुकान मांडतात, आणि आरोप असा की कंपनी त्यांच्या विक्रीचे आकडे गुपचूप बघते, जे खपतं त्याची नक्कल काढते आणि मूळ विक्रेत्याला शोधयादीच्या तळाला ढकलते. आयोवातली एक बाई मासेमारीच्या गळांच्या पेट्या बनवायची, तिचं दुकान असंच बसलं होतं. ती मागच्या रांगेत हात बांधून बसली होती. कंपनीचे प्रमुख टॉड लिंडक्विस्ट स्वतः शपथेवर साक्ष द्यायला आले होते. देशभर टीव्ही चालू.

ओडेसाच्या सकाळच्या नोंदी मी जपून ठेवल्यात:

‘१०.०६. अध्यक्षबाई म्हणाल्या, आज इथे राजकारण नको.’

‘१०.०७. राजकारण सुरू.’

‘१०.३१. विरोधी बाजूचे म्होरके हॉलिस बफर्ड यांना पाच मिनिटं होती. चार मिनिटं त्यांच्या मेहुण्याचे प्रचाराचे ई-मेल लोकांच्या कचऱ्याच्या पेटीत का जातात यावर गेली. मक्तेदारीला तीस सेकंद मिळाले. उरलेले तीस आर्कान्सामधल्या टोमॅटोंना.’

‘१०.३२. बफर्डसाहेबांचा वेळ संपला. बफर्डसाहेब संपले नाहीत.’

बफर्ड पंचवीस वर्षं त्या समितीवर होते आणि पंचवीस वर्षं ही त्यांची अशीच फिरकी घेत आली होती. कॉरिडॉरमध्ये भेटले की ते म्हणायचे, ‘पिंक्नीबाई, एक दिवस तरी माझ्याबद्दल बरं लिहा.’ ही म्हणायची, ‘तुम्ही संधी द्या, साहेब, मी तयार आहे.’

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. साक्षीदाराचं निवेदन आदल्या दिवशीच लेखी मिळतं. सगळ्या बातमीदारांपुढे तो कागद असतो. माणूस बोलत असतो आणि सगळे माना खाली घालून कागदावर बोट फिरवत असतात. वर एक ओळ छापलेली असते की प्रत्यक्ष भाषणाशी ताडून पाहावं. ती ओळ कुणी वाचत नाही. माझ्याजवळही तो कागद होता. चौथ्या पानावर सगळ्या सुनावणीचा गाभा असलेलं वाक्य होतं: ‘हार्बरलाइनने छोट्या विक्रेत्यांच्या खासगी विक्रीचे आकडे स्वतःचा माल काढण्यासाठी कधीही वापरलेले नाहीत.’ मी ते आधीच टाइप करून ठेवलं होतं. फक्त बटण दाबायचं बाकी.

अकरा वाजून चार मिनिटांनी लिंडक्विस्ट त्या परिच्छेदापाशी आले आणि नेमकी सभागृहातल्या मतदानाची घंटा झाली. ती घंटा म्हणजे कान किटवणारा प्रकार. सगळ्या इमारतीत एकदम वाजते, सभासद मतदानाला उठतात, खुर्च्या सरकतात. टीव्हीवर कॅमेरा सभासदांकडे वळला. मी घड्याळाकडे पाहिलं, मनात म्हटलं, आता बोललेच असतील, आणि दाबलं बटण. सगळ्या वर्तमानपत्रांच्या चाळीस सेकंद आधी! मी खुर्चीत टेकून बसलो. शेजारच्याला म्हटलंसुद्धा, ‘बघ, म्हातारे अजून पळतात.’ मग एकेक करत सगळ्यांच्या पानांवर तेच वाक्य आलं.

आणि ओडेसाचा निरोप आला. ‘हर्श, अकरा-चार कुणी टाकलं?’

‘मी.’

‘तो हे बोलला नाही.’

‘अगं, घंटेत बोलला. ऐकू आलं नसेल.’

‘घंटा वाजत होती तेव्हा तो पाणी पीत होता. ग्लास खाली ठेवला, पान उलटलं आणि पुढच्या परिच्छेदापासून सुरू केलं. त्याने ते वाक्य गाळलं, हर्श. मुद्दाम गाळलं.’

तिने दुरुस्ती लिहून पाठवली: ‘आधीच्या नोंदीतलं वाक्य छापील निवेदनातलं आहे. लिंडक्विस्ट ते वाक्य बोलले नाहीत. ही चूक माझी. ओ. पिंक्नी.’ मी ‘ही चूक डेस्कची’ असं केलं. तिने खोडलं. मी पुन्हा केलं. तिने पुन्हा खोडलं आणि लिहिलं, ‘डेस्क म्हणजे काय ते वाचणाऱ्याला ठाऊक नसतं. पानावर नाव माझं आहे. चढव.’ मी तिसऱ्यांदा आग्रह केला नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते.

दहा मिनिटांत फोन खणखणू लागले. हार्बरलाइनचा प्रसिद्धी अधिकारी, कार्मोडी नावाचा, अगदी मधाळ बोलणारा. ‘ब्लुमसाहेब, अकरा वर्तमानपत्रं एक सांगतात आणि तुमच्या एकट्या बाई दुसरंच. चित्रफितीत घंटेशिवाय काही ऐकू येत नाही. मी काही म्हणत नाही हं, पण त्यांच्या कानात यंत्र आहे ना?’

मी म्हटलं, ‘तुमच्या जिभेला काही यंत्र मिळतं का बघा,’ आणि फोन आपटला. पण यंत्र खरंच होतं. चार वर्षं. डावा कान जवळपास गेलेला, उजवा जायच्या वाटेवर. केस तिने त्यासाठीच कानांवर येतील असे कापून घेतले होते. चर्चमधल्या गाण्यातून तिने अंग काढून घेतलं होतं, बहिणीला सांगितलं की गुडघे दुखतात. ऑफिसात फक्त मला ठाऊक होतं, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं.

आमच्या मुख्य संपादक कॉन्स्टन्स व्हीलॉक यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. बाई वाईट नाहीत, पण कार्मोडीने त्यांनाही फोन केला होता.

‘हर्शेल, सरळ सांगा. ओडेसाला ऐकू येतं का?’

मी त्यांच्या टेबलावरचे कागद सरळ करायला लागलो.

‘म्हणजे नाही येत.’

‘तिची चूक झालेली मी बघितलेली नाही.’

‘आज सकाळी झाली ना? तिनेच लिहिलंय, चूक माझी.’

तिथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण त्या पुढे बोलतच राहिल्या. ‘हे बघा, आपण एका माणसाबद्दल सांगतोय की त्याने शपथेवर बोलायचं टाळलं. लहानसहान गोष्ट नाही. अधिकृत नोंद छापून यायला आठवडे जातील. दीड वाजता सुनावणी पुन्हा भरेल. आज ती संपेपर्यंत दुसऱ्या कुणीही दुजोरा दिला नाही, तर ती दुरुस्ती काढायची. आणि उद्यापासून ओडेसा इथे डेस्कवर.’

‘डेस्कवर फोन घ्यावे लागतात,’ मी म्हटलं.

‘मग काय ते बघू,’ व्हीलॉकबाई म्हणाल्या.

ओडेसा फोन घेत नसे, म्हणून मी टोपी घातली आणि तडक संसदेकडे चालत निघालो. जेवणाची सुट्टी होती. ती तळघरातल्या कँटीनमध्ये घेवड्याचं सूप पीत बसली होती, भिंतीला पाठ लावून, म्हणजे समोरच्याचं तोंड उजेडात येतं. मी सगळं सांगितलं, कार्मोडीचंही.

ती हसली. ‘कानाचं गावभर झालंय म्हण की. आणि मी मेली चार वर्षं केस सांभाळत बसले.’

‘ओडेसा, मी आत्ता जाऊन सांगतो की ते वाक्य मी टाकलं.’

‘सांग की. त्याने काय होईल? तो बोलला की नाही बोलला, एवढाच प्रश्न आहे. तू टाकलंस की मी टाकलं, याच्याशी कुणाला काय करायचंय?’

‘तुझी खात्री आहे ना?’

तिने चमचा खाली ठेवला. ‘हर्श, त्या टेबलाला आम्ही चौदा जण होतो. तेरा जण माना खाली घालून कागद वाचत होते. मला ऐकू येत असतं ना, तर मीही कागदच वाचत बसले असते. मला त्याच्या तोंडाकडे बघावंच लागतं रे. नाही बघितलं तर मला काहीच कळत नाही.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘खोटं लिहिलेलं मी स्वतः काढेन. हे नाही काढणार. त्यांना काढायचं असेल तर काढू देत. पण मला त्या डेस्कवर बसवू नका म्हणावं. तिथे सगळी माणसं फोनमध्ये असतात. फोनमध्ये तोंड नसतं. तिथे मी एका आठवड्यात संपेन.’

तीस वर्षांत मी तिचा आवाज असा कापरा झालेला ऐकला नव्हता. मी तिच्या सुपातली पावाची कड उचलून खाल्ली, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. ती म्हणाली, ‘निर्लज्जा, स्वतःचं घे,’ आणि स्वेटर चढवून वर गेली.

मी परत आलो आणि आल्या आल्या काचेच्या खोलीत शिरून सांगितलं की अकरा-चारची नोंद माझी होती, दुरुस्ती तिची. व्हीलॉकबाईंनी चष्मा काढला. ‘हे सकाळी का नाही सांगितलंत?’ मी म्हटलं, ‘घाबरलो.’ त्या म्हणाल्या, ‘बसा जागेवर. अट बदलत नाही.’

दुपारभर एकेक सभासद येत गेला आणि आपापलं तुणतुणं वाजवत गेला. एकाला आपल्या पक्षाचे व्हिडिओ दाबले जातात याचं दुःख, दुसऱ्याला लहान मुलं स्क्रीनला चिकटतात याचं. त्या वाक्याकडे कुणी फिरकेना, कारण सगळे धरून चालले होते की ते बोलून झालंय. माझा जीव टांगणीला. ओडेसाच्या नोंदी मात्र नेहमीसारख्या येत होत्या: ‘१.५२. लिंडक्विस्ट यांनी सातव्यांदा सांगितलं की याची माहिती घेऊन कळवतो. कळवायच्या गोष्टींची यादी त्यांचे वकील करत होते. आता त्यांनीही पेन ठेवलं.’

दोन वाजून पंधरा मिनिटांनी बफर्डसाहेबांची पाळी आली. मी कपाळावर हात मारला. आता पुन्हा मेहुणा, पुन्हा टोमॅटो.

बफर्डनी चष्मा लावला, मदतनिसाने पुढे केलेला कागद हातात घेतला आणि सावकाश म्हणाले, ‘लिंडक्विस्टसाहेब, या खोलीत एक बातमीदार बाई बसल्यात. पंचवीस वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल एक चांगला शब्द लिहिलेला नाही. आज सकाळचंच बघा, माझ्या टोमॅटोंवर घसरल्यात.’ लोक हसले. ‘मी त्यांची चूक पकडायचा फार प्रयत्न केलाय हो. माझी माणसं लावली, ध्वनिफिती तपासल्या. पंचवीस वर्षांत एक सापडली नाही. आज त्या लिहितात की तुमच्या चौथ्या पानावरचं एक वाक्य तुम्ही बोललाच नाहीत. मी त्या वेळी मतदानाला उठलो होतो. तेव्हा माझ्यावर उपकार करा. तुमच्यापुढे ते पान आहे. तेवढं एक वाक्य मोठ्याने वाचा.’

मागच्या रांगेतली आयोवाची बाई बाकावरून पुढे झुकली. लिंडक्विस्टनी पान उघडलं. वकील वाकून कानाशी लागले. लिंडक्विस्टनी तोंडावर मूठ धरली, खोकल्यासारखं केलं, आणि मूठ तशीच ठेवून खाली मान घालून माइकमध्ये काहीतरी पुटपुटले.

आमच्या ऑफिसात एकदम कल्ला झाला. आणि माझ्या पडद्यावर ओडेसाचा निरोप उमटला.

‘हर्श, काय म्हणाला? हात आडवा होता. मला दिसलं नाही.’

लगेच दुसरा: ‘जे ऐकलंस तेवढंच सांग.’

टीव्हीवर माइकचा आवाज स्वच्छ आला होता. पण मी चित्रफीत मागे घेतली. कानाला हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा. दुसऱ्या वर्तमानपत्रांच्या पानांवर ठळक अक्षरं झळकायला लागली होती, व्हीलॉकबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या, ‘चढवा, हर्शेल, चढवा!’ म्हणून ओरडत होत्या. मी म्हटलं, ‘थांबा हो जरा.’ तिसऱ्यांदा ऐकलं. मग ओडेसाला शब्द न शब्द लिहून पाठवले.

तिची नोंद आली ती सगळ्यांच्या शेवटी:

‘२.२०. लिंडक्विस्ट: “ते वाक्य मी आज शपथेवर वाचू शकत नाही. गेल्या आठवड्यात काही गोष्टी आमच्या निदर्शनास आल्या आहेत.” मला कमी ऐकू येतं, मी बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून लिहिते, आणि साक्षीदारांचं तोंड या वेळी हाताआड होतं. हे शब्द आमच्या डेस्कवर हर्शेल ब्लुम यांनी ऐकले आहेत. ओ. पिंक्नी.’

व्हीलॉकबाईंनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं. मग म्हणाल्या, ‘उद्या बँकिंग समितीची सुनावणी आहे ना? तिला सांगा, खोली गार असते, स्वेटर न्या म्हणावं,’ आणि निघून गेल्या.

संध्याकाळी ती ऑफिसात आली तेव्हा केस कानांमागे खोचलेले होते. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो, तोंड उजेडात येईल असा. म्हटलं, ‘सकाळी दोनदा माझं खरं लिहिलेलं खोडलंस, आणि आता विचारल्याशिवाय माझं नाव टाकलंस. हा कुठला न्याय?’

‘सकाळी तू काही ऐकलं नव्हतंस,’ ती म्हणाली. ‘आता ऐकलंस.’